घोंगडीवरचा राजा

आभाळ कोरडं, आणि उद्या दूध सोसायटीची निवडणूक. पंधरा वर्षं चेअरमन असलेले उत्तरेश्वर आणखी पाच वर्षं मागायची म्हणून पाली गावात पाण्याच्या टँकरच्या रांगेत येऊन उभे राहिले. पुढं भामाबाई आणि मुक्त विद्यापीठात शिकणारी मंजुळा.

"काय वाचतीस गं मंजुळे?"

"जुने तुर्क, मावशी. घोडी-मेंढरं घेऊन चाऱ्यामागं हिंडायचे, पर राज्य केवढं!"

"आमच्या ऊसतोडीवानीच, बिऱ्हाड पाठीवर."

"राजा नेमायचा तर त्याला घोंगडीवर बसवून गरागरा फिरवायचे. मग रेशमी फडक्यानं गळा आवळायचा. जीव कासावीस झाला की सोडायचं अन् इचारायचं, किती वर्सं राज्य करणार?"

"अन् त्यो?"

"पुटपुटंल तेवढीच वर्सं त्याची."

"लई शाणे की! मग आपल्या चेअरमनला कावून न्हाई इचारत असं?"

"मावशी, हळू. मागंच हायेत ते."

"असू दे. ओ चेअरमन, घोंगडी हाय माझ्याकडं. बसता का उद्या?"

उत्तरेश्वरांनी घाईनं हात जोडले.

"भामाबाई, एक... एकच वर्स."

"ऐकलं का गं मंजुळे? अजून गळ्याला हातबी लावला न्हाई!"