एक, मग पाच

आपल्या स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत गॅरेजच्या बाकावर बसलेल्या एका बाईंच्या कानावर मिस्त्री आणि एका मावशींचं बोलणं पडत होतं. मावशींची जुनी गाडी काळा धूर ओकत होती आणि भंगारवाला दारातच उभा होता.

"मावशी, कार्बोरेटर तीनदा खोलला. आता मी हात टेकले. देऊन टाका याला."

"गाडीच्या कॉम्प्युटरला विचारलंस?"

"कार्बोरेटरच्या गाडीला कसला आलाय कॉम्प्युटर?"

"डॅशबोर्डखाली डबा आहे बघ. त्याच्या सॉकेटमधल्या या दोन भोकांत वायरचा तुकडा घाल आणि डॅशबोर्डवरच्या इंजिनाच्या दिव्याची उघडझाप मोज. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय."

"घातला. एकदा लागला, थांबला, दोनदा लागला. म्हणजे बारा. डबाच गेलाय, मावशी."

"गेला नाही रे, जागा आहे. इंजिन बंद असलं की बारा म्हणतोच तो. तीनदा म्हणेल, मग दुखणं सांगेल. दम धर."

"बारा... बारा... आता एक, मग पाच. पंधरा."

"पंधरा म्हणजे इंजिनाचं तापमान कळवणारी वायर. ती सुटली की डब्याला वाटतं इंजिन गारठलंय, आणि तो पेट्रोल ओतत बसतो."

"खरंच लोंबतेय हो. तीनदा हिच्यावरूनच हात नेला मी."

"ते राहू दे, जोड आधी."

इंजिन सुरू झालं, तापलं. मिस्त्रीनं धुराच्या नळीमागे पांढरा रुमाल धरला. तो पांढराच राहिला.

"मावशी, मग मी पुन्हा कधी येऊ?" भंगारवाल्यानं विचारलं.

"येतोस कशाला? बस मागे, दुकानापर्यंत सोडते तुला."