टेंगूळ आणि साखर

दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीबाहेर नंबर येईपर्यंत एक तरुणी शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकत होती. नवरा निवृत्त मास्तर, कपाळावर हे एवढं टेंगूळ.

“तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि घरच्या वाइनचं बूच कपाळावर घेतलं!”

“दुखतंय का फार?”

“रस पुरता आंबण्याआधीच बाटल्या भरल्या असणार मी. मलाच पहिलीत बसवा. उद्या द्राक्षाचा वेलच तोडतो.”

“अहो, वेल नका तोडू.”

“का?”

“वाइन आंबट झाली म्हणून तुम्ही दोन दिवस धड जेवला नाहीत. मग मीच साखर घालून पुन्हा गच्च बुचं लावली.”

“किती घातलीस?”

“बाटलीला चार चमचे.”

“म्हणजे त्या साखरेनंच पुन्हा आंबून वायू झाला आणि बूच उडालं, माझं काही चुकलं नव्हतं! राहू दे वेल.”

“वेल राहील हो. आधी उरलेल्या अकरा बाटल्या तुमच्या पलंगाखालून काढू या.”