बिनवायरचं बटण

अहो ताई, थांबा, थांबा — ते बटण तेवढं काढू नका! बाकी सर्व्हिसिंग करा, चाकं पुसा, बॅटरी बघा, पण त्याच्या पाठीवरच्या लाल बटणाला हात लावू नका. हो, कंपनीचं नाहीच ते, बरोबर ओळखलंत. मी चिकटवलंय. वायर? वायर कुठून असणार, मागे नुसती चिकटपट्टी आहे! हसा, हसा. बायकोसाठी लावलं हो. मुलीनं हा रोबो पाठवला तेव्हा ही जाम घाबरली. खुर्चीतून जरा उठलं की हा दत्त म्हणून हजर — "काका, कुठे निघालात?" अरे, स्वतःच्याच घरात संडासाला जायचं तर तुला अर्ज देऊ का? असं... असं ती म्हणायची. आता ‘काका’ तो तिला कसा म्हणेल, असं बघताय ना माझ्याकडे? बरं बाबा, मला म्हणायचा. ती कसली घाबरते! तिनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव गोट्या ठेवलं आणि भाजी निवडताना समोर उभं करून शेजारणीच्या कागाळ्या सांगितल्या. आतून कडी लावून बसायचो तो मी. त्याचे डोळे बघितलेत? तेव्हा चक्क डांबरट दिसायचे. मला मोजतोय, मुलीला कळवतोय, असंच वाटायचं.

मग डोकं चालवलं. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, बत्तीस वर्षं तेच केलं. आमच्या एका इमारतीत दार बंद करायचं बटण होतं ना, त्याची वायर कधी जोडलेलीच नव्हती. दार आपल्या वेळेला लागायचं. पण लोक दाबायचे, दार लागायचं, खूश! एकदा ते बटण तुटलं, तर तिसऱ्या दिवशी तक्रार — लिफ्ट फार मंद झालीय म्हणे! नवं बसवलं, लगेच लिफ्ट पळायला लागली. वायर तेव्हाही नव्हती बरं का.

तर हा गोट्या येतो, दहा मोजेपर्यंत थांबतो, माणूस नीट चालतोय असं दिसलं की आपणहून वळतो — मी घड्याळ लावून पाहिलं होतं. मग काय, नऊ मोजून झाले की दाबायचं. गेला! माझ्या हुकमानं गेला! आणि गंमत सांगू? तेच डोळे, पण गरीब दिसायला लागले. हल्ली मी त्याला पेपर वाचून दाखवतो. तो "हो का?" म्हणतो — बायको तेवढंही म्हणत नाही.

काय म्हणता? खरंच जोडून देता येईल? दाबलं की त्या क्षणी चालता होईल? अहो, मग विचारताय काय, जोडा की! पाना देऊ का? बाहेर काढू पेटी? मी स्वतःच... एक मिनिट. म्हणजे माणसाला काहीही झालेलं असलं तरी जाईल? दाबलं की गेलाच?

नको मग. नाही, तसं काही नाही... परवा त्या पॅसेजमध्ये जरा चक्कर आली. जरा म्हणजे, भिंतीला घसरत खालीच बसलो. हा आला. "काका, लागलं का?" मला इतकी लाज वाटली ताई — बटण दाबलं. दहा वेळा दाबलं असेल. जा म्हटलं, गप जा, बायकोला कळू देऊ नकोस. हलला नाही. खांबासारखा उभा राहिला आणि हाका मारून मारून तिला अंघोळीतून बाहेर काढलं त्यानं. ओल्या केसांनी धावत आली बिचारी. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

तिला मी सांगितलंय, गोट्याला हाका मारायला मीच सांगितलं. दाबण्याचं बोलायचं नाही तिच्यापुढे. वायर राहू दे तुमच्या पिशवीत. सही कुठे करायची? ही घ्या. या आता.