बरोबरी पुरेल

(पलंगावर मास्तर पालथे. दोन उशांच्या फटीतून चेहरा कडेबाहेर, नजर थेट फरशीवर. शेजारी खुर्चीत बाई. समोर टीव्ही चालू, आवाज नाही.)

मास्तर: चेंडू कोणाकडे आहे आता?

बाई: एका पोराकडे.

मास्तर: अगं, पोरं बावीस आहेत. कुठल्या?

बाई: केस पिवळे केलेत त्याने. याच्या आईने काहीच म्हटलं नसेल का?

मास्तर: शर्ट सांग. शर्टाचा रंग.

बाई: हिरवा. तुमच्यातलाच आहे. आता नाहीये त्याच्याकडे.

मास्तर: मग कोणाकडे?

बाई: बाहेर गेला. कडेला एकजण झेंडी हलवतोय.

मास्तर: लहानपणी रेडिओवर अशी कॉमेंटरी ऐकली असती ना, तर तेव्हाच नाद सुटला असता माझा.

बाई: मग आवाज दुरुस्त करून आणायचा होता टीव्हीचा. केव्हाची सांगतेय. त्याचा आवाज गेलाय आणि चित्र आहे, तुमचं चित्र गेलंय आणि आवाज आहे. दोघांचा मिळून एक धड संच होतोय.

मास्तर: मोबाईलवर लाव.

बाई: लावला होता. नुसतं चाक फिरतंय. मान खाली.

मास्तर: खालीच आहे.

बाई: मला तुमचे कान दिसले आत्ता. मघाशी दिसत नव्हते.

मास्तर: मान अवघडली माझी. दिवसभर ही फरशी बघून बघून तिच्यावरचे सगळे डाग पाठ झालेत. तुझ्या पायापाशी एक बटण पडलंय, ते उचल आधी.

बाई: उचलते. डॉक्टर काय म्हणाले ते फरशीवर लिहून ठेवू का? डोळ्यात हवेचा फुगा सोडलाय. तोंड खाली असेल तरच तो पडद्याला दाबून धरतो. मान वर केली की फुगा सरकला, आणि फुगा सरकला की पडदा सुटला. आणि या वेळेनंतर पुन्हा ऑपरेशन नाही.

मास्तर: ऐकलंय मी.

बाई: मागच्या वेळीही ऐकलं होतं. तरी उठलात.

मास्तर: पुन्हा तेच काढू नकोस.

बाई: काढणार. निदान स्वतःच्या टीमसाठी उठला असता तर मी समजून घेतलं असतं. दुसऱ्याच दोघांची मॅच. त्यांचं काय होतं यावर तुमच्या हिरव्यांचं गणित अवलंबून, म्हणे. मी दूध आणायला खाली गेले तर हे खुर्चीत ताठ बसून टीव्ही बघतायत. आणि ती मॅच सुटली कितीवर?

मास्तर: शून्य-शून्य.

बाई: एक गोल नाही. पडदा मात्र सुटला.

मास्तर: स्कोअर काय झाला ते सांग.

बाई: आहे तोच. तुमचा एक, पांढऱ्यांचा काही नाही.

मास्तर: आणि आपले करतायत काय?

बाई: देवाणघेवाण. हा त्याला देतो, तो याला देतो, मग मागे गोलकीपरला. आमच्या शिवणाच्या कारखान्यात लाइनवर काम संपलेलं असायचं आणि सुटीची घंटा व्हायची असायची, तेव्हा बायका तीच कॉलर पुन्हा पुन्हा उलटी-सुलटी करायच्या. मी लांबून येताना दिसले की जास्तच जोरात.

मास्तर: हेच. एक गोल झाला की लगेच न्यूट्रलला टाकायची. उतार लागलाय ना, जाईल गाडी आपली आपण. वर्षानुवर्षं हेच बघतोय मी. आणि समोर कोण, तर ज्यांच्या देशातली सगळी माणसं आणून बसवली तरी एक स्टेडियम धड भरणार नाही.

बाई: भरलंय की.

मास्तर: ते आपलं स्टेडियम आहे. घरची मॅच आहे ही.

बाई: आपलं कसलं? त्या देशात तुमचं कोण आहे? लग्नापासून विचारतेय. एक दूरचा भाचासुद्धा नाही तिकडे.

मास्तर: पहिल्यांदा बघितली तेव्हा हरत होती ती टीम. म्हटलं, कोणीतरी पाहिजे त्यांच्या बाजूने.

बाई: मग आता जिंकतायत तर चिडचिड कसली?

मास्तर: जिंकतायत असं तुला वाटतं. मला सांग, पात्रता म्हणजे काय? युरोपात टीम किती, तर पन्नासाच्या वर. त्यातल्या चोवीस युरो कपाच्या स्पर्धेत घ्यायच्या. जवळजवळ निम्म्या. मी ड्रायव्हिंग शिकणाऱ्यांची चाचणी अशी घेतली ना, तर रस्त्यावर एक कुत्रं जिवंत राहणार नाही.

बाई: तुमच्याकडे तर तिसऱ्यांदा नापास झालेला माणूसही रडून पास व्हायचा.

मास्तर: तो एकच. त्याची बायको बाळंत होणार होती. ते सोड. चोवीस जागा केल्या पहिल्यांदा, आणि त्याच खेपेला हॉलंड बाहेर. हॉलंड. दार एवढं रुंद केलं आणि बस नेमकी दाराच्या खांबालाच घातली. आणि ग्रीस तर एकदा चॅम्पियन होता युरोपचा, तो त्याच खेपेच्या पात्रता फेरीत फेरो बेटांकडून हरला. एकदा नाही, दोनदा.

बाई: फेरो म्हणजे कुठे?

मास्तर: समुद्रात. दोन मेंढ्या आणि वारा.

बाई: मग कौतुक करा की त्यांचं. मेंढ्या सांभाळून खेळतात.

मास्तर: कौतुक आहेच. माझा राग या मोठ्यांवर आहे. पात्रता फेरी म्हणजे यांना वाटतं हजेरी लावायची आणि घरी जायचं. आणि मधले ते सगळे कॅल्क्युलेटरवाले. हा हरला तर मी, तो बरोबरीत राहिला तर मी. स्वतः काय करणार ते कोणी सांगत नाही.

बाई: आणि तुमच्या हिरव्यांना आज काय लागतं?

मास्तर: (पुटपुटत) बरोबरी.

बाई: ऐकू नाही आलं.

मास्तर: बरोबरी पुरेल.

बाई: आणि हरले तर?

मास्तर: बाहेर. म्हणूनच भीती वाटते ना. इंग्लंडलासुद्धा एकदा बरोबरी पुरत होती. घरचं मैदान, शेवटची मॅच, समोर क्रोएशिया. पाऊस पडत होता आणि त्यांचा कोच छत्री उघडून उभा. तेव्हाच म्हटलं मी, या माणसाला भिजायचं नाहीये, हा काय जिंकतोय. हरले. तुझा अंगठा का वर झाला?

बाई: कुठला अंगठा?

मास्तर: पायाचा. तुझे पाय दिसतात मला इथून. काहीतरी झालं.

बाई: काही नाही. पांढऱ्यांचा एकजण आत घुसला होता. गोलकीपरने अडवलं. त्या सगळ्यांत काम करणारा तो एकटाच आहे. आणि तो आठ नंबर...

मास्तर: कॅप्टन आहे आपला.

बाई: असेल. चेंडू त्याच्या बाजूला यायला लागला की तो खाली वाकून मोजे वर ओढतो. आता चौथ्यांदा. मोजे अगदी व्यवस्थित आहेत. माझ्या लाइनवर असता तर त्याला धागे कापायला बसवला असता.

मास्तर: अगं, त्याचा गुडघा दुखावलाय. गेल्या महिन्यापासून.

बाई: मग घरी बसावं. दुखऱ्या माणसाने नको तिथे उठून...

मास्तर: कळलं. कळलं मला.

बाई: हे काय? वर काय आपटलं?

मास्तर: गेला. गोल खाल्ला आपण.

बाई: नाही हो. चेंडू अजून मधेच आहे.

मास्तर: वरच्या मजल्यावर तो इलेक्ट्रिशियन राहतो ना, आपल्याच बाजूचा, त्याच्या टीव्हीवर चार सेकंद आधी दिसतं. त्याने खुर्ची आपटली म्हणजे गोल झाला. आपला झाला असता तर नाचायला खुर्ची सरकवली असती. आता बघ.

बाई: अहो, काहीतरी काय... मागून तो लांब पायांचा आला. आठ नंबर उभाच आहे. अरे, धर त्याला. अरे.

मास्तर: झाला?

बाई: झाला. एक-एक.

मास्तर: माझं लायसन्स काढून घेतलं तरी चालेल, पण या टीमचं आधी काढा. सांगत होतो मी. न्यूट्रलला टाकू नका, न्यूट्रलला टाकू नका. आता घाबरून सगळे आपल्या गोलसमोर जाऊन बसतील.

बाई: बसले. सगळे. आठवडी बाजारासारखी गर्दी झालीय तिथे.

मास्तर: लाज वाटते. पुढे जाऊन एक गोल करता येत नाही? चाळीस वर्षं मी यांच्यामागे आहे, ते हे बघायला? नुसतं टिकून राहणं म्हणजे खेळ नव्हे.

बाई: मग तुम्ही काय करताय पलंगावर?

मास्तर: मी काय करतोय म्हणजे?

बाई: डॉक्टरांना तुम्ही विचारलंत, पहिल्यासारखं दिसेल का. ते म्हणाले नाही, आता आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. तेवढ्यावर गाडी शिकवता येईल. त्याच्या खाली गेलं तर परवाना नाही. मी शेजारीच उभी होते.

मास्तर: ते वेगळं.

बाई: असेल वेगळं. मला खेळातलं काय कळतं? खाली तुमची शिकवायची गाडी उभी आहे, तिच्या काचेवरच्या धुळीत कोणीतरी बोटाने बदक काढलंय, एवढं मला कळतं.

मास्तर: बदक?

बाई: छान काढलंय. पुसलं नाही मी.

मास्तर: वेळ किती राहिला?

बाई: कोपऱ्यात नव्वद झालेत. एकजण पाटी घेऊन उभा आहे. पाच.

मास्तर: पाच कुठून काढले याने? कोण मेलं होतं मधे?

बाई: तुमचाच आठ नंबर दोनदा लोळला, ते सगळं धरलं असेल. अहो, बाहेर काढा कोणीतरी त्याला. मला आता बघवत नाही. तो पिवळ्या केसांचा मात्र जीव तोडून पळतोय. मघाशी उगीच बोलले मी त्याला. पळ रे. पळ. काढला बाहेर. शाबास.

मास्तर: अगं, खुर्ची वाजतेय तुझी.

बाई: वाजू दे. पुन्हा आले ते. आठ नंबर, मोजे सोड मेल्या, मागे बघ.

मास्तर: पाय कुठे गेले तुझे?

बाई: अगंबाई.

मास्तर: पाय दिसत नाहीत. उभी राहिलीस? काय झालं?

बाई: पाडलं त्याने. आठ नंबरने. मागून पाय घालून सरळ पाडलं. आणि तो शिट्टीवाला ठिपक्याकडे बोट दाखवतोय.

मास्तर: पेनल्टी.

बाई: सगळे शिट्टीवाल्याला घेरून उभे आहेत. मी म्हटलं नव्हतं तुम्हाला, धागे कापायला बसवा त्याला?

मास्तर: बंद कर.

बाई: काय?

मास्तर: टीव्ही बंद कर.

बाई: आता? अहो, चेंडू ठेवतोय तो. मारणारच आहे.

मास्तर: म्हणूनच. माझी मान वर यायला लागलीय. मी आणत नाहीये, ती येतेय.

बाई: डोळे मिटा.

मास्तर: डोळे मिटून मान राहत नाही. बंद कर.

बाई: मी मधे उभी राहते. तुम्हाला काही दिसणार नाही. मी एकटी बघते, आणि सांगत नाही.

मास्तर: तू न सांगता मला कळेल. आणि कळलं की मी उठणार. झाला तरी उठणार आणि वाचला तरी उठणार. मागच्या वेळी कोणी मधे नव्हतं म्हणून उठलो असं नाही, मी उठणाराच माणूस आहे. ऐक माझं.

बाई: सगळी मॅच मला बसवून ठेवलंत. त्या पोरांची नावं माहीत नाहीत मला, तरी आता जीव टांगणीला लागलाय. आणि ऐन वेळी म्हणताय...

मास्तर: तुझ्या पाया पडलो असतो. तेवढंच जमेल अशा स्थितीत आहे, पण पाय दिसत नाहीत.

बाई: गोलकीपर हात पसरून उभा आहे हो.

मास्तर: अगं, मान.

बाई: केला. केला बंद. घ्या. खाली करा आधी ती मान.

मास्तर: केली.

बाई: पूर्ण.

मास्तर: पूर्ण. फरशी दिसतेय.

बाई: काय माणूस आहे. मला आता सुचणार नाही काही. आज रात्री झोप नाही लागायची.

मास्तर: नाहीच लागत. मॅचच्या रात्री चाळीस वर्षं नाही लागली मला. तू म्हणायचीस, ॲसिडिटी आहे, काकडी खा.

बाई: गप्प बसा जरा. वरचं ऐकू दे. तो आपटेल किंवा सरकवेल.

मास्तर: ऐक.

बाई: हलू नका, पलंग वाजतो.

मास्तर: काही आलं?

बाई: नाही. तुम्हाला?

मास्तर: नाही. एव्हाना मारलेला असणार. त्याच्याकडे तर आधीच दिसतं.

बाई: ना आपटली, ना सरकवली. कमाल आहे. घरात तर आहे तो, आत्ता पाऊल वाजलं.

मास्तर: त्यानेही बंद केला.

बाई: जाऊन विचारून येऊ का? जिना चढायला कितीसा वेळ.

मास्तर: नको.

बाई: अहो, पात्र झाले की नाही ते तरी...

मास्तर: खुर्ची जरा इकडे ओढ. पाय दिसू देत. कळेपर्यंत एक-एकच आहे.