लाइट नसतानाचा तक्ता

शिल्पा : हा पेटीतला, बॅटरीवरचा हिरवा दिवा बघ. दर आठ सेकंदांनी एकदा लागायला हवा. आठ, आठ, आठ, मग एकदम सोळा. आता पुन्हा आठ. म्हणजे बागेतल्या डबीने ओल मोजून पाठवलेला एक निरोप इथे विहिरीवरच्या पेटीपर्यंत आलाच नाही.

मृणाली : पंचविसांत एक हरवतो, मॅडम. एवढं आपण धरलंच होतं. त्यात काय बिघडलं?

शिल्पा : बिघडलं असं मी म्हटलं नाही. मोजलं फक्त.

मृणाली : धुळ्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचात तेव्हाही हेच म्हणायचात. आम्ही मागच्या बाकावर हसायचो.

शिल्पा : ऐकू यायचं. आणि आता?

मृणाली : आता हसू येत नाही. दहा बागांत आपली यंत्रं बसवली, त्यातली सात मुकी झाली. आज बाराला ऑफिसातून सर फोन करणार. माझ्याकडून प्रकल्प काढून तुमच्याकडे द्यायचा का, ते तुम्ही सांगणार.

शिल्पा : तुला कोणी सांगितलं?

मृणाली : सरांनीच. सोमवारी. म्हणाले, शिल्पाचा होकार यायचाय. आज शुक्रवार. चार दिवस विचार करण्यासारखं काय आहे त्यात, मॅडम?

शिल्पा : मला कुठलंही उत्तर उशिराच येतं.

आबा : ताई, च्या ल्या. लाइट येवाले आजून येळ शे.

मृणाली : झिपरू आबा, तुम्ही कशाला त्रास घेतलात?

आबा : तरास काय? तुम्ही पार जळगावथीन शिरपूरना मळामा येतस, मी दोन कप च्या नही देवाव? पन एक सांगा. त्या कोपराना शंभर खोडं सुकी ग्यात मना. मशीन तठला वाल खोलीसन पानी सोडसच नही. मागे ह्या पोरीनी सांगं, केळना पानं सिग्नल खातस. चाळीस झाडंसना पानं मी तोडी टाकात. तरी ते मुकंच.

मृणाली : ओल्या पानांमुळे सिग्नल कमी होतो, आबा. पुस्तकात आहे ते.

शिल्पा : पेपरातही आलं होतं. कृषी प्रदर्शनाच्या बातमीत, तुझ्या फोटोखाली.

मृणाली : तुम्ही वाचलं?

शिल्पा : वाचलं. फोटोत अँटेना उलटी धरली होतीस.

मृणाली : फोटोवाल्याने दिली तशी धरली. तेवढंच दिसलं तुम्हाला?

शिल्पा : तेवढंच चुकीचं होतं.

आबा : ही डबी बिनतारनी बोलस तरी कशी, ते एकदा माले समजाडा.

मृणाली : आबा, समजा तुम्ही लांब उभ्या माणसाला हाक मारताय. आवाज मोठा केला म्हणजे 'पाणी हवं', लहान केला म्हणजे 'नको'. असं ठरवून टाकलं. आपली डबी तेच करते. लाटेची उंची कमी-जास्त करते.

शिल्पा : दुसरीही एक रीत असते, आबा. आवाज तेवढाच ठेवायचा आणि सूर बदलायचा. चढा सूर म्हणजे हवं, उतरता म्हणजे नको. डाळ मिलमध्ये उभं राहिलं तर मोठा-लहान आवाज ओळखता येत नाही, मिलचा खडखडाट त्यात मिसळतो. सूर मात्र कळतो.

आबा : मंग हायी दुसरी रीत कसाले नही लाई?

शिल्पा : दुप्पट महाग पडते.

मृणाली : आणि इथे खडखडाट नाहीच, आबा. शिल्पा मॅडमनी स्वतः येऊन मोजलंय. याच विहिरीवर. त्यांच्या तक्त्यावरूनच मी स्वस्तातली रीत निवडली. मॅडम, पेटी उघडते. आधी मेन पाडते.

आबा : थांब पोरी. तीच तं गंमत शे. तुम्ही उन्यात का मेन पाडतस, मंग मशीन पोपटनागत बोलस. तुम्ही ग्यात, मी मेन चढावस, का ते मुकं. तीन डाव व्हयनं.

मृणाली : काय?

आबा : लाइट उनी का मुकं. मी तुना त्या ऑफिसना पोऱ्यालेबी सांगं व्हतं. तो हासना.

मृणाली : मॅडम, आपण प्रत्येक वेळी मेन पाडूनच तपासलंय.

शिल्पा : पेटीत मोटरचा स्टार्टर आहे. मेन पाडल्याशिवाय पेटी उघडायची नाही, हा नियम आहे.

मृणाली : हो, तुम्हीच शिकवलात. मग आज पेटी उघडतच नाही. मीटरची अँटेना बाहेर धरते, दिवा काचेतून दिसतोच आहे. लाइट येऊ दे.

शिल्पा : राहू दे आज.

मृणाली : का?

शिल्पा : उशीर होईल. जळगाव गाठायला अडीच तास लागतात.

मृणाली : प्रकल्प दुपारपर्यंत माझा आहे, मॅडम. तोवर मला बघू द्या.

आबा : उनी, उनी! आयका. बठ्ठा शिवारन्या मोटरी आटोवर शेतस. लाइट उनी का एकदम सुटतस.

शिल्पा : आठ.

मृणाली : दिवा लागला नाही.

शिल्पा : सोळा. चोवीस. बत्तीस.

मृणाली : नाहीच लागत. मीटर बघा, हवेतला खडखडाट उणे सत्याण्णव. तुमच्या तक्त्यात उणे एकशे सतरा आहे. वीस डेसिबलचा फरक! म्हणजे शंभरपट खडखडाट. मीटर बिघडलंय बहुतेक.

शिल्पा : मीटर?

मृणाली : मीटरच असणार. तुमचा तक्ता कसा चुकेल? सरांच्या समोर मी छातीठोक सांगितलं होतं, शिल्पा मॅडमचा आकडा आहे, पुन्हा मोजायची गरज नाही. खाली तारीखसुद्धा आहे, आठ नोव्हेंबर, दुपारी दीड.

आबा : दिवाळीनंतर ना? माले याद शे. ह्या ताईनी माले दुपारले झोपमातून उठाडं व्हतं. रातभर पानी दिन्हं व्हतं ना मी. तो आठवडा रातनी पाळी व्हती. दिनमा लाइट कोठे व्हती?

मृणाली : दिवसा लाइट नव्हती?

आबा : पाखरूबी बोले नही, इतलं शांत व्हतं. मी त्या कोपराम्हा चक्कर मारी येस. तुम्ही बोला.

मृणाली : मॅडम, म्हणजे तुम्ही मोजलंत तेव्हा विजेचा खडखडाट करणारी ही मोटर बंद होती, शिवारातल्या बाकीच्याही.

शिल्पा : हो.

मृणाली : आणि तुम्ही वहीत सगळं लिहिता. ऊन, वारा, जेवण कधी केलं तेसुद्धा.

शिल्पा : वहीत शेवटचा रकाना आहे, 'लाइट'. त्यात 'नाही' असं लिहिलेलं आहे, दहाही ओळींत. तक्ता टाइप करताना पानावर मावेना म्हणून तो रकाना मी गाळला. त्या वेळी बिनकामाचा वाटला.

मृणाली : हे तुम्हाला आत्ता आठवलं?

शिल्पा : मार्चमध्ये. पहिल्या तक्रारी आल्या त्या दिवशी घरी जाऊन वही उघडली.

मृणाली : आता जुलै चाललाय.

शिल्पा : हो.

मृणाली : चार महिने मी पानांना दोष देतेय! म्हाताऱ्या माणसाला बाग ओरबाडायला लावली. रडले मी तुमच्यासमोर, मेहरूण तलावावर. तुम्ही मला मक्याचं कणीस घेऊन दिलंत.

शिल्पा : आठवतं.

मृणाली : का, मॅडम?

शिल्पा : जानेवारीतली मीटिंग आठव. सूर बदलायची रीत मी मांडली. आठ वर्षं मी तीच मांडत होते. मग तू उठलीस आणि पडद्यावर माझाच तक्ता लावलास. म्हणालीस, इथे इतकी शांतता आहे की अर्ध्या खर्चात काम होईल. टाळ्या पडल्या. चाळीस मिनिटांत सरांनी तुझं नाव एकोणीस वेळा घेतलं.

मृणाली : मोजलंत तुम्ही?

शिल्पा : मी मोजते. माझं दोनदा घेतलं. एकदा चहा सांगायला.

मृणाली : तेव्हा माहीत नव्हतं, हे मी समजू शकते. पण मार्चमध्ये मला सांगायचं होतंत. मी ऐकलं असतं.

शिल्पा : तेच तर. तू लगेच ऐकलं असतंस, आठवड्यात दुरुस्त केलं असतंस, आणि विसाव्या वेळी तुझं नाव झालं असतं. मी म्हटलं, पडू दे थोडं. मग थोडं आणखी. मग सांगायची वेळच निघून गेली असं वाटायला लागलं. खरं म्हणजे रोज सकाळी दहाला तू समोरच बसलेली असायचीस.

मृणाली : मला काय होतं ते सांगू? मी कुठलाही कागद सरांसमोर ठेवला की ते पान उलटायच्या आधी विचारतात, शिल्पाने बघितलंय का? प्रत्येक वेळी. मी ते मोजलं नाही कधी. पण लागतं. त्या फोटोच्या दिवशीही विचारलं होतं.

शिल्पा : हे मला माहीत नव्हतं.

मृणाली : तुम्ही नसताना विचारतात ना. कसं माहीत असणार?

(फोन वाजतो.)

मृणाली : सरच आहेत. बारा वाजले.

शिल्पा : हं.

मृणाली : घ्या ना. हो म्हणून टाका. आबा सोडून कोणाला कळणार आहे? वही तुमच्या घरी आहे. तुम्ही सूरवाली रीत बसवाल, सातही यंत्रं चालतील. काम तरी होईल.

शिल्पा : आणि तू?

मृणाली : मी पुण्याला दुसरं काही बघेन. मला तुमच्याशी आत्ता गोड बोलता येणार नाही, मॅडम. एवढंच सुचतंय.

आबा : ताई, फोन वाजी राहिना! मोटरना आवाजम्हा आयकू येस नही का? बंद करू का मोटर?

शिल्पा : नको आबा, राहू द्या चालू. मी मोठ्याने बोलते.

मृणाली : मॅडम—

शिल्पा : हॅलो, सर, शिल्पा बोलतेय. हो, शिरपूरला. मृणाली शेजारीच उभी आहे, म्हणून आत्ताच सांगते. नाही, प्रकल्प मी घेणार नाही. थांबा, सर, आधी ऐकून घ्या. तो तक्ता माझा आहे. मी तो लाइट नसताना घेतला होता, आणि हे मला मार्चपासून माहीत आहे.