तबकातली शाल

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय श्रीमंतअण्णा, व्यासपीठावरील मान्यवर, आज आपला निरोप घेणाऱ्या आमच्या दानम्मा मॅडम, आणि शिवणवर्गातल्या माझ्या मैत्रिणींनो,

मॅडमनी आम्हांला मशीन नंतर शिकवलं, आधी विचारायला शिकवलं. कापड कुठलं? विणलं कुणी? रंग कशाचा? चार कुडते, दोन सलवारी आणि सगळ्यांवर चालेल अशी एक ओढणी एवढ्यावर वर्षं निघतात, पण घ्याल ते पारखून घ्या, असं त्या म्हणत. मला तर संशयाची शिकवणी घरातच मिळालेली. माझी आत्या सुंदरम्मा यंत्रमागावर काम करते. दोरा जाळून बघितल्याशिवाय ती सणाचंही कापड घेत नाही.

निरोपाला काय देऊ, असं विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "शाल द्यायचीच तर सुती द्या. आणि कशाची हाय ते खरं सांगून द्या."

अण्णांनी मोठ्या मनानं आपल्या दुकानातली शाल दिली. चिठ्ठीवर 'शुद्ध सुती, नैसर्गिक रंग' असं छापलेलं. सगळ्यांचा विश्वास बसला, माझाच का बसू नये? स्वभाव, दुसरं काय! मघाशी मागच्या खोलीत मी काठाचा दोरा काढून काडी लावली. सुती दोरा कागदासारखा जळतो, त्याची राख होते. हा वितळला आणि टोकाला टणक मणी झाला.

तेवढ्यात अण्णा आले. "अगं, सत्काराची शाल कुणी जाळून बघतंय व्हय? पांघरव की! फोटो निघाला की झालं."

रागारागात त्यांनी स्वतःच दुसरा दोरा ओढला. तोही वितळला. मग म्हणाले, "मलाबी सुती म्हणूनच दिली की गं." शाल तबकात परत ठेवत म्हणाले, "सांग जा सभेला." त्यांच्या परवानगीनंच मी हे बोलते आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

म्हणून शाल तबकातच राहील. तिच्याऐवजी आत्यानं विणलेली ही चादर मी धावत घरी जाऊन आणली आहे. हिचाही दोरा मी जाळला. आत्या म्हणाली, "माज्यावरबी संशय व्हय गं भवाने?" व्हय आत्या, तुझ्यावरही. चादर सुती आहे. पण हातमागाची नाही, आणि रंग झाडापाल्याचा नाही, बाजारातला आहे. पहिल्या धुण्यात तो सुटेल, वेगळी भिजवावी लागेल.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लेक समजून पोटात घाला.

मॅडम, एवढं सगळं ऐकूनही चालणार असेल, तर उभ्या राहा. मी पांघरवते.