वाटेत गळालेली आठ तारीख

विमानाच्या तिकिटांच्या रांगेत पुढच्या जोडप्याचं बोलणं ऐकता ऐकता शिंपीमामा स्वतःचा नंबर विसरले.

"अमेरिकेतून ऑस्ट्रेलियाला चौदा तासांचा प्रवास. सातला रात्री बसायचं, नऊला सकाळी उतरायचं."

"अहो, मग आठ तारीख?"

"ती वाटेतच गळते, वाररेषा ओलांडताना."

"आठला माझा वाढदिवस असतो."

"मी काय करू? पृथ्वीच गोल आहे!"

खिडकीतली मुलगी म्हणाली, "काकू, येताना दिवस भरून मिळतो. संध्याकाळी निघालात की त्याच दिवशी सकाळी इथे!"

"मग परतीचं रविवारचं दे."

"रविवारचं कशाला गं?"

"रविवारी स्वयंपाक तुम्ही करता ना? तिकडे ताईकडे रांधून निघायचं, इथे उतरून पुन्हा रांधायचं."

"एका रविवारी दोनदा?"

"मी काय करू? पृथ्वीच गोल आहे!"